तारीख तीच, वार वेगळा: २३ एप्रिलची गोष्ट

आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे. वर तारीख, खाली सुविचार आणि मधल्या जागेत आज कोण जन्मलं, कोण गेलं याच्या दोन-तीन ओळी. काही वर्षांपूर्वी २३ एप्रिलला, म्हणजे जागतिक पुस्तक दिनाला, मी हौसेने रंगीत खडू आणून लिहिलं: 'शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस, जगातले दोन थोर लेखक, १६१६ साली आजच्याच दिवशी निवर्तले.' हात झटकत मागे वळले तर तात्या उभे. तात्या निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्य तारखेचे शिक्के मारण्यात गेलेलं.

"वार कुठला होता गं?"

"चारशे वर्षांपूर्वीचा वार कशाला हवाय तात्या?"

"वार नसलेली तारीख म्हणजे नुसता आकडा. बघ शोधून."

मी शोधला, आणि चांगलीच अडकले. शेक्सपिअर गेला तो मंगळवार होता. सर्व्हांतेसच्या नावापुढे जी २३ एप्रिल लावतात, तो शनिवार. आता एकच दिवस इंग्लंडात मंगळवार आणि स्पेनमध्ये शनिवार कसा असेल? दोन देशांत फार तर तासाभराचा फरक. म्हणजे फळ्यावरची माझी ओळ चुकली होती. गंमत अशी की दोन्ही तारखा आपापल्या जागी खऱ्या होत्या.

ही भानगड एकदा नीट कळली की दिनविशेष वाचण्याची नजरच बदलते. म्हणून ती इथे सविस्तर मांडते.

सव्वाअकरा मिनिटांची उधारी

ऋतुचक्राचं एक वर्ष सुमारे ३६५ दिवस, ५ तास आणि ४९ मिनिटांचं असतं. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४५ मध्ये जी कालगणना लागू केली, तिने हिशेब सोपा करून वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरलं. वरचे सहा तास साठवून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा, की झालं लीप वर्ष. फरक पडतो तो वर्षाला जेमतेम सव्वाअकरा मिनिटांचा. सीझरला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण किराणा दुकानातल्या उधारीसारखी ही मिनिटं साचत गेली आणि साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस झाला. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर इतकं मागे पडलं होतं, की दिवस-रात्र समान होण्याचा वसंतातला दिवस २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला. ईस्टरचा सण त्या दिवसावरून ठरतो, त्यामुळे चर्चची पंचाईत झाली.

पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली दुरुस्ती केली. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस गाळले. संत तेरेसा आव्हिलाकर त्याच रात्री वारल्या, त्यामुळे त्यांच्या चरित्रात '४ ऑक्टोबरची रात्र, उजाडली ती १५ ऑक्टोबर' असं वाचायला मिळतं. पुढे पुन्हा अशी उधारी साचू नये म्हणून नियमही घातला: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणून १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नाहीत, १६०० आणि २००० आहेत.

या कापाकापीत एक गोष्ट मात्र कुणी मोडली नाही. आठवडा. तारीख दहा घरं पुढे उडाली, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. तात्यांनी वार का विचारला ते इथे कळतं. जुनी आणि नवी कालगणना तारखेवरून भांडतात, वारावर मात्र दोघींचं एकमत असतं.

स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीचा बराचसा भाग यांनी दुरुस्ती लगेच स्वीकारली, कारण हे कॅथलिक देश. इंग्लंड प्रोटेस्टंट. पोपने सांगितलेलं गणित बरोबर असलं तरी ते ऐकायचं कसं? त्यामुळे इंग्लंडने तब्बल १७० वर्षं जुनंच कॅलेंडर चालवलं. तिथे बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून लोकांनी दंगली केल्या, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. तो बहुतेक दंतकथाच. चित्रकार विल्यम होगार्थच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात अशा घोषणेचा फलक जमिनीवर पडलेला दिसतो आणि त्या फलकातूनच ही दंगल पुढच्या लोकांनी उभी केली. चित्रातली थट्टा इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसली.

तर १६१६ साली लंडनची तारीख माद्रिदच्या दहा दिवस मागे होती. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डला मंगळवारी, २३ एप्रिलला गेला. त्या मंगळवारी माद्रिदमध्ये ३ मे होता. सर्व्हांतेसच्या घरचं सुतक तोवर संपत आलं असतं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

सुटल्याचा शिक्का, पोचल्याचा शिक्का

सर्व्हांतेसची २३ तारीख आणखी एका कारणाने लंगडी आहे. तो २२ एप्रिलला, शुक्रवारी गेला. २३ ला शनिवारी माद्रिदमधल्या त्रिनितारियन जोगिणींच्या मठात त्याचं दफन झालं. चर्चच्या वहीत २३ ची नोंद सापडली आणि लोकांनी तीच मृत्यूची तारीख धरली. हे सांगितल्यावर तात्यांनी मांडीवर थाप मारली. "पत्रावर दोन शिक्के असतात. एक सुटल्याचा, एक पोचल्याचा. तुम्ही पोचल्याचा शिक्का बघून पत्र लिहिल्याची तारीख सांगताय."

सर्व्हांतेसच्या शेवटच्या दिवसांची एक तारीख मात्र अगदी पक्की आहे, कारण ती त्याने स्वतः लिहिली. शेवटच्या कादंबरीची अर्पणपत्रिका त्याने १९ एप्रिल १६१६ ला सही करून दिली. एका जुन्या गाण्याची ओळ घेऊन त्यात तो म्हणतो, की पाय रिकिबीत ठेवलाय, आता निघायचं. 'डॉन किहोते' या खुळ्या घोडेस्वाराची गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा निरोपही घोड्यावर चढतानाचाच. तीन दिवसांनी तो गेला. माझ्या मते १६१६ मधली लक्षात ठेवायची तारीख हीच, पण तिचा 'दिन' होत नाही. 'दिन' होण्यासाठी जन्म नाहीतर मरण लागतं.

शेक्सपिअरच्या मृत्यूची तारीख त्याच्या गावच्या चर्चमधल्या स्मारकावर कोरलेली आहे. वर्ष १६१६, वय ५३, दिवस २३ एप्रिल. ती खरी मानायला हरकत नाही, कारण दफनाची नोंद २५ एप्रिलची आहे. पण जन्म? जन्मही २३ एप्रिललाच, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याला कागदोपत्री पुरावा नाही. आहे ती बाप्तिस्म्याची नोंद, २६ एप्रिल १५६४ ची. तेव्हाच्या इंग्लंडात चर्चची वही बाप्तिस्मा, लग्न आणि दफन टिपायची. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ पासून. मूल जन्मल्यावर काही दिवसांतच बाप्तिस्मा उरकायची पद्धत होती, म्हणून अभ्यासकांनी तीन दिवस मागे जाऊन २३ धरली. २१ किंवा २२ ही चालली असती. पण २३ एप्रिल हा इंग्लंडचा रक्षक संत जॉर्ज याचा सण, शिवाय कवीच्या मृत्यूचाही दिवस. राष्ट्रकवीचा जन्म राष्ट्रसंताच्या दिवशी! असा योग हाताशी असताना २२ तारखेला कोण विचारतो?

यावर हसण्याआधी आपण आपल्या घरच्या आजी-आजोबांचे शाळेचे दाखले काढून बघावेत. निम्म्यांचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी विचारलं, "पोर कधीचं?" आजी म्हणाली, "त्या मोठ्या पुराच्या आदल्या साली, शेंगा काढायच्या वेळी." गुरुजींनी वयाचा अंदाज बांधला आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून टाकली. आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या वहीत १ जूनवाले इतके आहेत, की त्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या ठरवल्या तर दुसरं कामच होणार नाही. शेक्सपिअरची २३ एप्रिल ही त्याच जातीची तारीख. फक्त तिचे गुरुजी जास्त रसिक होते.

तारखेलाही लोहचुंबक असतं

एकदा एखादी तारीख प्रसिद्ध झाली, की आसपासच्या तारखा तिच्याकडे ओढल्या जातात. समुद्राची वादळं आणि धुक्यातला उजेड रंगवणारा इंग्रज चित्रकार टर्नर सांगायचा, की माझा जन्म २३ एप्रिल १७७५ चा. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद १४ मेची आहे, जन्मतारखेचा दुसरा पुरावा काही नाही. सांगणारा तो स्वतःच. न्हाव्याच्या मुलाने शेक्सपिअर आणि संत जॉर्ज यांच्या पंगतीत पाट मांडून घेतला असेल, तर मला त्यात वावगं काही दिसत नाही.

रशियन-अमेरिकी कादंबरीकार नाबोकोव्हचं उदाहरण तर गणिताच्या वहीत घालावं असं. रशियाने जुनी कालगणना १९१८ पर्यंत चालवली. तिथे १८९९ साली १० एप्रिलला तो जन्मला. नव्या कालगणनेत त्या दिवशी कोणती तारीख होती? शतकागणिक फरक वाढत जातो, हे इथे लक्षात घ्यायचं. १५८२ मध्ये तो १० दिवसांचा होता. १६०० दोन्हीकडे लीप होतं, म्हणून सतराव्या शतकातही १० च राहिला. १७०० हे वर्ष जुन्या हिशेबात लीप आणि नव्यात नाही, म्हणून अकरा. १८०० ला बारा. १९०० ला तेरा. नाबोकोव्ह १८९९ चा, म्हणजे फरक बाराचा: १० अधिक १२, बावीस एप्रिल. पण वर्षभरात फरक तेरावर गेला आणि रशियातला १० एप्रिल नव्या हिशेबाने २३ एप्रिलला येऊ लागला. त्यामुळे पुढे त्याच्या कागदपत्रांवर २३ चढली. त्याला चूक ठाऊक होती. तरी शेक्सपिअरची तारीख मिळतेय म्हटल्यावर त्याने ती आनंदाने वापरली.

त्याच्याच देशातला संगीतकार प्रोकोफिएव्ह याची तऱ्हा उलटी. तो स्वतःचा जन्म २३ एप्रिल १८९१ चा सांगायचा, नंतर सापडलेला जन्मदाखला मात्र नव्या हिशेबाने २७ एप्रिल म्हणतो.

आता कुणी म्हणेल, इतके योग एकाच तारखेला, काहीतरी असणारच! काही नसतं. ३६६ तारखा आणि हजारो प्रसिद्ध माणसं म्हटल्यावर प्रत्येक तारखेच्या वाट्याला डझनावारी नावं येणारच. एका खोलीत नुसती २३ माणसं जमवा. त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. हा आकडाही तेवीसच यावा, हा मात्र निव्वळ योगायोग.

पुस्तकविक्रेत्याची अक्षय्य तृतीया

मग जागतिक पुस्तक दिन याच तारखेला का? याचं उत्तर साहित्याच्या इतिहासापेक्षा दुकानाच्या गल्ल्यात जास्त सापडतं. व्हिसेन्ते क्लाव्हेल नावाचा व्हॅलेन्सियाकडचा लेखक-प्रकाशक बार्सिलोनात धंदा करायचा. लोकांनी पुस्तकं विकत घ्यावीत म्हणून वर्षातला एक दिवस ठरवावा, असा आग्रह त्याने धरला. १९२६ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या राजाने तसा हुकूम काढला. दिवस धरला ७ ऑक्टोबर, सर्व्हांतेसच्या जन्माचा अंदाजे दिवस. पण ऑक्टोबरात हवा बिघडलेली असते, रस्त्यावर मांडलेली पुस्तकं भिजतात, आणि जन्मतारीखही पक्की नव्हती. १९३० मध्ये दिवस हलवून २३ एप्रिलवर आणला. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला, कारण २३ एप्रिल हा कातालोनियातही, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तिथेही, संत जॉर्जचाच सण. तिथे त्याला सान जोर्दी म्हणतात.

सान जोर्दीची आख्यायिका साधी आहे. राजकन्येला गिळायला निघालेल्या ड्रॅगनला संताने भाला खुपसला, जमिनीवर सांडलेल्या रक्तातून गुलाबाचं झाड उगवलं आणि त्याने त्यातला एक गुलाब राजकन्येला दिला. म्हणून त्या दिवशी बार्सिलोनात पुरुषांनी बायकांना गुलाब द्यायची जुनी चाल. तिच्यावर पुस्तकाचं कलम केलं: तिने त्याला पुस्तक द्यायचं. आता दोघं दोघांना दोन्ही देतात. ला राम्ब्ला या शहराच्या मोठ्या रस्त्यावर त्या दिवशी पुस्तकांची आणि गुलाबांची दुकानं खेटून लागतात आणि लेखक उन्हात बसून सह्या करतात. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला गुंजभर का होईना सोनं घ्यायचं असतं ना, तसं तिथे एक पुस्तक.

१९९५ साली युनेस्कोने हीच तारीख जगाला दिली. कारण सांगताना शेक्सपिअर आणि सर्व्हांतेसच्या जोडीने तिसरं नाव घेतलं, इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा. हा पेरूमधल्या कुस्को गावचा, स्पॅनिश सरदार आणि इन्का राजघराण्यातली स्त्री यांचा मुलगा. आईकडच्या लोकांचा इतिहास त्याने बापाच्या भाषेत लिहिला आणि १६१६ च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात देह ठेवला. या तिघांत मला सगळ्यात जास्त कुतूहल याचंच आहे, आणि पुस्तक दिनाच्या भाषणांत त्याचंच नाव हटकून गळतं.

आणि ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप, त्या शेक्सपिअरच्या देशात शाळांचा पुस्तक दिन मार्चमध्ये असतो. एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आडवी येते म्हणून.

रायगडावरची तारीख

दोन कालगणनांचा हा घोळ युरोपापुरता आहे असं वाटत असेल तर जरा आपल्या किनाऱ्यावर या. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज होते, वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, सुरत-मुंबईला इंग्रज. गोव्याची आणि वेंगुर्ल्याची पत्रं नव्या तारखेने, इंग्रजांची जुन्या. एकाच मोहिमेची बातमी तिघांनी एकाच दिवशी लिहिली, तर इंग्रजाच्या कागदावर तारीख दहा दिवस आधीची पडायची. त्यातून इंग्रजांचं वर्षही १ जानेवारीला न बदलता २५ मार्चला बदलायचं. शिवकाळाच्या अभ्यासकांना हे पाठच असतं, पण नवखा माणूस दोन पत्रं शेजारी ठेवून 'आधी उत्तर आलं, मग प्रश्न' अशा गोंधळात सापडू शकतो.

शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही आपल्याला पाठ असलेली तारीख जुन्या, ज्युलियन हिशेबाची आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता. नव्या हिशेबाने तो दिवस १६ जून. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुनीच, नव्याने तो १ मार्च. मग राज्याभिषेकाचा खरा दिवस कोणता? शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शनिवार. तारीख ६ म्हणा नाहीतर १६, शनिवार दोन्हीकडे शनिवारच येतो. तात्यांचा नियम इथेही लागू.

आपल्याकडे तिसरा हिशेब आहे तो तिथीचा. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटपते, कधी सव्वीस तास रेंगाळते. सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची तिथी. अशा बारा महिन्यांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं होतं, सूर्यवर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ती तूट भरायला अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना. म्हणून तिथीने येणारा सण इंग्रजी कॅलेंडरवर महिनाभराच्या पट्ट्यात मागेपुढे झोके घेतो. तुकाराम बीज २०२४ साली २७ मार्चला होती, २०२५ साली १६ मार्चला. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा म्हणूनच दोनदा होतो. २०२३ साली तिथी २ जूनला आली, तारीख अर्थातच ६ जूनला.

दोन हिशेबांमुळे शेजारही बदलतो. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया. पंचांगात हे दोन दिवस एकमेकांना लागून आहेत, देहूहून निघालेला वारकरी दुसऱ्या दिवशी शिवजयंतीच्या मिरवणुकीत सापडावा इतके. १९ फेब्रुवारी धरली की हा शेजार तुटतो. कोणता हिशेब बरोबर, या वादात मी पडत नाही, फळ्यावर दोन्ही लिहिते. मात्र एक गंमत नोंदवते. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला गेले. त्या दिवसाला आपण 'पुण्यतिथी' म्हणतो आणि पाळतो तारखेने. बंगाल्यांनी याबाबतीत हट्ट सोडलेला नाही. रवीन्द्रनाथ ठाकूर जन्मले ७ मे १८६१ ला, पण उत्सव होतो बंगाली पंचांगातल्या २५ बैशाखला, मग तो ८ मेला येवो की ९ मेला.

फळ्यावरची बाकीची नावं

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, की २३ एप्रिलच्या फळ्यावर आपली माणसं आधी. पहिलं नाव पंडिता रमाबाई, जन्म २३ एप्रिल १८५८. पुस्तक दिनाला याहून योग्य माणूस शोधून सापडणार नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. रमाबाई आईच्या तोंडून पुराणं पाठ करत वाढल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली तेव्हा त्या विशीत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना घातला आणि तिथल्या मुलीच खिळे जुळवायच्या. ज्या समाजात विधवेने अक्षराला हात लावणं पाप, तिथे मुलींच्या बोटांना शिशाची काळी शाई. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत चालवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्मही २३ एप्रिलचा, १८७३, जमखंडीचा. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी केलेलं काम लोकांना ठाऊक असतं. मराठी आणि कानडीचं नातं उकलणारं त्यांचं लेखन मात्र कपाटात धूळ खातं.

सत्यजित राय २३ एप्रिल १९९२ ला कलकत्त्यात गेले. त्यांची ओळख सिनेमाची, पण सुरुवात पुस्तकांची. सिग्नेट प्रेससाठी ते मुखपृष्ठं करायचे. 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी काढलेल्या छोट्या आवृत्तीची चित्रं काढता काढता त्यांना त्यात सिनेमा दिसला. अखेरच्या महिन्यात ऑस्करचा सन्मान मिळाला तो दवाखान्याच्या खाटेवर, ३० मार्चच्या समारंभात तिथलंच चित्रण दाखवलं गेलं. चोवीस दिवसांनी ते गेले.

गायिका शमशाद बेगम २३ एप्रिल २०१३ ला मुंबईत वारल्या. त्यांच्या बाबतीत तारखांचा वेगळाच घोळ. त्या हयात असतानाच त्यांच्या निधनाची बातमी छापून आली होती. गेल्या होत्या सायरा बानूच्या आजी, नाव तेच. ही नोंद वाचली तेव्हा माझ्या हातातला खडू थोडा थरथरला, कारण फळ्यावर जिवंत माणसाला मारण्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

सिनेमाच्या बाजूने पाहिलं तर २३ एप्रिल १८९६ ला न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात व्हिटास्कोप यंत्राने पडद्यावर हलती चित्रं दाखवली. अडीच महिन्यांनी, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभा असलेला एक मुलगा, एकूण १९ सेकंद, तोही २३ एप्रिलचा, २००५. पण कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे साडेआठ वाजत होते आणि आपल्याकडे २४ एप्रिलची सकाळ उजाडली होती. पोपची दुरुस्ती होऊन सव्वाचारशेहून जास्त वर्षं झाली, जवळजवळ सगळं जग एकाच कॅलेंडरवर आलं, तरी तारीख अजून गावागणिक वेगळीच.

यंदा फळ्यावर मी शेक्सपिअरच्या नावापुढे 'मंगळवार' आणि सर्व्हांतेसच्या नावापुढे 'शुक्रवार, २२' असं लिहिलं. तात्या आले, चष्मा कपाळावर चढवला, एकेक ओळ बोटाने वाचत खाली आले आणि पंडिता रमाबाईंपाशी थांबले.

"वार?"

"शुक्रवार," मी म्हटलं. ते मी आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं.